कालचं बोलणं

बेबीची पन्नाशी उलटून गेली, तरी घरात ती बेबीच राहिली. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे नंबर काढायचे आणि गुरुवारी संध्याकाळी वहिनीबरोबर स्पॅनिशच्या वर्गाला जायचं, असं तिचं चाललं होतं. वहिनीच्या मुलाने स्पॅनिश बोलणारी मुलगी पसंत केली होती. सून घरात आल्यावर दोघी बायकांनी नुसतं हसून किती दिवस काढायचे?

त्या दिवशी वर्गात भूतकाळ आला. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर ‘आब्लार’ म्हणजे बोलणे असं लिहिलं, त्याची शेपटी पुसली आणि तिथे नव्या शेपट्या लावल्या. आब्ले, मी बोलले. आब्लास्ते, तू बोललीस. आब्लो, ती बोलली. हे एक जमलं की अशी पुष्कळ क्रियापदं आपोआप जमतात, असं त्या म्हणाल्या.

बाईंची सराव घ्यायची रीत ठरलेली होती. एकाने काल कुणाशी बोललो ते सांगायचं. शेजारच्याने ते खरं का म्हणून त्यालाच विचारायचं, आणि मग उभं राहून सगळ्या वर्गाला सांगायचं. कुणी साहेबाशी बोललं होतं, कुणी मांजराशी. बेबीला लहानपणापासून पहिला नंबर काढायची हौस. पाळी येताच ती ताठ बसून म्हणाली, “आयेर आब्ले कोन मि माद्रे.” काल मी आईशी बोलले.

बाईंनी मान डोलावली. बेबी खूश झाली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की शेजारी वहिनी बसली आहे.

आई राहायची वहिनीकडे. अलीकडे तिला विसरायला व्हायचं, एकच प्रश्न ती पुन्हा पुन्हा विचारायची. मागे एकदा फोनवर बेबी तिच्यावर खेकसली होती, “आई, किती वेळा तेच तेच?” आणि फोन ठेवून मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी फोन करायची लाज वाटली, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. बघता बघता हिवाळा सरला. वर्गाहून परतताना वहिनीला फाटकाशी सोडून बेबी खालूनच मागे फिरायची. दुकानात गर्दी आहे, पाय दुखतात, अशी कारणं तिच्या जिभेवर तयार असत.

वहिनी तिच्याकडे वळली. “आब्लास्ते कोन तु माद्रे?”

तू आईशी बोललीस? बेबीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. “सी,” ती वहीत बघत पुटपुटली. हो.

वहिनी उठली, पदर सारखा केला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “आब्लो कोन सु माद्रे.” ही आईशी बोलली. बाईंनी विचारलं, कशाबद्दल? वहिनी अडखळली नाही. मागच्या आठवड्यात शरीराचे अवयव झाले होते, तिने त्यातला दात उचलला. “दे सु दिएन्ते.” दाताबद्दल. वर्ग हसला. बेबीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

वर्ग सुटला आणि दोघी घरच्या रस्त्याला लागल्या. बेबी म्हणाली, “वहिनी, चुकलं माझं. तुला सगळ्यांसमोर खोटं बोलायला लावलं.”

“त्यात काय नवीन,” वहिनी म्हणाली. “आईंना रोज तेच सांगते मी. बेबीचा फोन आला होता, तुम्ही बोललात की. त्यांना वाटतं, आपणच विसरलो. आज फक्त भाषा बदलली.”

तिच्या आवाजात राग असता तर बेबीला परवडलं असतं. फाटक आलं. आज बेबी वहिनीच्या मागोमाग जिना चढली.

आई खिडकीपाशी बसून वाळलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. “अगं बेबी, तू?” तिचा चेहरा उजळला. “सकाळीच तर फोन केलास म्हणे. लगेच आलीसही? दमली असशील.” मग ती जरा ओशाळली. “काय बोललो गं आपण? मला मेलं काही आठवतच नाही.”

आपण बोललोच नाही आई, मी फोनच केला नव्हता, हे बेबीच्या अगदी ओठांवर आलं. पण ते म्हणताच रोज आईचं करणारी वहिनी खोटी पडली असती. वहिनी पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. या वेळी उत्तर द्यायला ती पुढे आली नाही.

“माझ्या दाताबद्दल, आई,” बेबी म्हणाली.

“हो, हो, आठवलं,” आई घाईघाईने म्हणाली. “अजून दुखतोय का गं? ये इकडे, उजेडात बस. आ कर बघू.”

बेबी तिच्या पायाशी बसली आणि तिने तोंड उघडलं. आईने तिची हनुवटी धरली, डोळे बारीक केले आणि एकेक दात लक्ष देऊन पाहू लागली.