तिसरं पिंप

वऱ्हाडात लोकांनी बैल विकायला काढले त्या वर्षांत परतवाड्याच्या इनायतुल्लाकडे नवी गाडी सांगायला कोणी फिरकेना. चाकावर लोखंडी धाव चढवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. पण चाकच नको, तर धाव कशाला? अशात अकोल्याजवळ बिअरचा छोटा कारखाना काढलेल्या रागिणीनं त्याच्याकडे तीन लाकडी पिंपं पाठवली. नाशिककडून आणलेली, वाइनची जुनी. इथल्या उन्हानं फळ्या सुटल्या होत्या. इनायतुल्लानं त्या लोखंडी पट्ट्यांनी चाकासारख्या आवळून दिल्या. सहा महिने त्यांत कडक, काळी बिअर मुरली. आज चव घ्यायची होती. जमली, तर आणखी वीस पिंपं त्याच्याच हाती येणार होती.

त्याची बायको हमिदा सोबत आली होती. दोघंही दारूला न शिवणारी. दाराशी खुर्च्या टाकून बसली.

नागपूरच्या हॉटेलवाल्या केशवरावांनी पहिला ग्लास नाकाशी नेला, घोट घेतला. "करपलेल्या भाकरीचा वास अन् मागून गूळ. वा!"

दुसऱ्यालाही त्यांनी मान डोलावली. इनायतुल्लानं मिशीत हसून बायकोकडे पाहिलं.

कारखान्यातल्या गोपालनं तिसऱ्या पिंपातली ओतली. फेस चढलाच नाही. केशवराव घोट घेऊन मोरीत थुंकले. "खवट! हे पाजता का लोकाइले?"

रागिणी गोपालकडे वळली. "नळ्या धुतल्या होत्या?"

"धुतल्या ताई, मायची शपथ."

"मागच्या खेपेलेही शपथच होती. उद्यापासून येऊ नको."

ग्लासातला वास दारापर्यंत आला आणि हमिदानं तो ओळखला. इनायतुल्ला पट्ट्यांचं लोखंड आणायला अमरावतीला गेला होता, तेव्हा फक्त या पिंपाचं झाकण बसायचं राहिलं होतं. त्यांच्या घरातून कोरडं लाकूड बाहेर जात नसे. चाक असो, जू असो, मुसळ असो. सासूची शिस्त. म्हणून हमिदानं एरंडेल कोमट करून आतून चोळलं होतं.

बोललं, तर वीस पिंपं गेली. गोपाल खाली मान घालून नळी गुंडाळत होता.

"त्याले नको बोलू बेटी," हमिदा उठून म्हणाली. "तेल मी लावलं. एरंडेल."

"पिंपाले? आतून?" रागिणीनं फेस न चढलेल्या ग्लासाकडे पाहिलं.

इनायतुल्ला ताडकन उठला. "कावून सांगतलं नाई मले?"

"तुमी इचारलं कदी? तीस वर्सं तुमचं लाकूड मी तेलानं न्हाऊ घालून राहिली. तुमाले काय वाटे, आपोआप चमकते?"

केशवरावांनी ग्लास खाली ठेवला. "दोन पिंपांची घेतो. पण पुढं असा वास आला, तर माझ्या दारात येऊ नका."

रागिणीनं तिसऱ्या पिंपाची तोटी उघडून सगळी बिअर मोरीत सोडली. "गोपाल, नळी ठेव, कामाला लाग. चाचा, वीस पिंपं परतवाड्याले येणार नाहीत."

इनायतुल्लानं दाराची चौकट धरली.

"तुम्हीच या इथं. माझ्या डोळ्यांसमोर बांधा. चाची नाही येणार."

म्हणजे तीन-चार महिने घर सुटणार. इनायतुल्ला हो म्हणाला.

"अन् जेवाचं काय कराल?" हमिदानं हळूच विचारलं.

"खाईन कुठं तरी. बिनतेलाचं," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता तिसऱ्या पिंपाच्या तेलकट फळ्या सुट्या करायला हातोडी शोधू लागला.