कापसाची खोली

मी आर्किटेक्ट आहे. नेरचे लोक मले नकाशावाली म्हणतात. म्हणोत बापडे! घर पाहिलं की गप बसतील, हे मले पक्कं माहीत होतं. अडचण एवढीच, की माह्या हातचं एकही घर अजून उभं नव्हतं. कंपाउंड झाले, दुकानं झाली, मंगल कार्यालयाचे संडासही झाले. बाबाराव ढोलेकाकांचं घर हे माह्यं पहिलं अख्खं घर, अन् तेच हातातून जाऊन राह्यलं होतं.

कारण काय, तर एक शब्द. नकाशात रस्त्याकडच्या मोठ्या खोलीवर मी लिहिलं होतं, 'कापूस'.

काकांचा पोरगा रवी पुण्याहून आलता. नकाशा पाहून तो खो खो हसला. "मॅडम, घराच्या नकाशात कापूस? मित्रांना दाखवू कसा मी? मधली भिंत काढा, सगळा मोठा हॉल करा. नाहीतर मी पुण्याहून नकाशा आणतो."

काका पोराच्या तोंडाकडं पाहून मान डोलवत होते. पंचफुलाकाकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मले असा संताप आला म्हणता! पण भांडून घर मिळत नाही. मी म्हटलं, "उद्या सकाळी प्लॉटवर या. तुमचा हॉल जमिनीवरच आखून दाखवते."

सकाळी चुन्याच्या फक्कीनं पूर्ण घर आखलं. पांढऱ्या रेघांच्या भिंती, दाराच्या जागी रेघ सोडलेली. रवीच्या म्हणण्यासारखा हॉल चांगला ऐसपैस झाला. गडी खूश! इथं सोफा, तिथं टीव्ही, असा बोट दाखवत फिरला.

"मस्त," मी म्हटलं. "आता समजा, दिवाळी झाली. वेचणी सुरू आहे, कापसाची गाडी दारात आली. काका, कापूस कुठं टाकता?"

"कुठं म्हंजे? हॉलात," काका म्हणाले, अन् लगेच जीभ चावली.

हेच तर! आमच्या इकडं माणूस हौसेनं हॉल बांधते अन् भाव येईपर्यंत कापसाले देऊन टाकते. सोफा पडवीत, टीव्ही सैपाकखोलीत. मी कळंबकडच्या अशाच घरात वाढली. कापसाची ती खाज मले कोण्या कॉलेजात शिका लागली नाही.

"थोडे दिवसच असतो ना," रवी हळूच म्हणाला.

तशा पंचफुलाकाकू तडकल्या. "थोडे दिवस? तू पुण्यात झोपतं, तुले काय समजते! रातभर आंग खाजवतो आम्ही. तुह्या बहिणीले, खुशीले, पाहाले पाहुणे आले, तवा त्यांले उन्हात आंगणात बसवलं मी. काहून? तर हॉलात कापूस बसला होता! लाजेनं मेल्यासारखं झालं मले. मले एक खोली अशी पाह्यजे, जिथं कापूस येनार नाही."

मी फक्कीचं घमेलं त्यांच्यापुढं धरलं. काकूंनी मूठ भरली अन् हॉलाच्या मधून रेघ ओढली. वाकडीतिकडी आली, पण भिंत सरळ करणं हे माह्यं काम आहे.

रवीनं डोकं खाजवलं. "मॅडम, मग कापसाच्या खोलीला रस्त्याकडून मोठं दार ठेवा. गाडी रिव्हर्स घेऊन थेट दाराला लागली पाहिजे."

"नकाशा नीट पाहा," मी म्हटलं. "ते आहेच."

काकू आपल्या हॉलात रिकाम्या पोत्यावर ऐटीत मांडी घालून बसल्या, मलेही जवळ बसवलं. काका शेजारच्या घरून चहा घेऊन आले अन् रेघ ओलांडून सरळ आमच्याकडं निघाले.

"अहो, भिंतीतून कायले येता?" काकू ओरडल्या. "दरवाजा तिकडं आहे ना!"

काका थबकले. मग कप सांभाळत साऱ्या घराले वळसा घातला, अन् दारासमोर चपला काढून आत आले.