सांगून जायचं

त्या रविवारी आईने हत्ती काढला आणि तो किटलीसारखा दिसला.

"किटली नाहीये ही," ती म्हणाली. "सोंड वर केलेला हत्ती आहे."

"मग हे झाकण?"

"डोकं आहे ते! पोरांना बरोबर कळेल. तुला नाही कळायचं, तू फार पुस्तकं वाचलीस."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुठ्ठे, कात्री आणि रंग पसरून आम्ही खुंट्यांवर लावायची चित्रं करत होतो. बालवर्गातल्या मुलांना नाव वाचता येत नाही, म्हणून प्रत्येकाला एक चित्र देतात. खुंटीवर तेच, कप्प्यावर तेच, पाण्याच्या बाटलीवरही तेच. दोन वर्षं मी त्या शाळेत मदतनीस होते. नाकं पुसली, चड्ड्या बदलल्या, बाकीच्या वेळात दुसऱ्यांचे वर्ग बघत भिंतीशी उभी राहिले. सोमवारपासून वर्ग माझा होता. आईने हे सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

"दूधवाल्यालासुद्धा?" मी विचारलं.

"त्याने विचारलं म्हणून सांगितलं."

"काय विचारलं त्याने?"

"उद्या किती दूध देऊ म्हणून."

हसताना तिच्या हातातला ब्रश हलला आणि हत्तीला पाचवा पाय फुटला. तो तिने तसाच राहू दिला. मग तिने विचारलं, पहिल्याच दिवशी सगळी एकदम रडायला लागली तर काय करशील? मी म्हणाले, रडू देईन. पण आयांना चोरून पळू देणार नाही. आमचा पहिला नियमच तो आहे. मूल खेळात असलं तरी त्याला हाक मारायची, डोळ्यांत बघायचं, सांगून जायचं. रडलं तर रडलं. न सांगता गेलेल्या माणसाची मूल वाटच बघत राहतं, त्याचं कशात लक्ष लागत नाही.

"मुद्दाम रडवून जायचं," आई म्हणाली. "कठीण आहे बाई तुमचं शास्त्र."

सोमवारी सकाळी ती दारात उभी होती. "बाटली घेतलीस का?" एवढंच म्हणाली. मी घेतली होती.

तो दिवस मला अजून पूर्ण आठवतो. मुलं रडली, दोघं-तिघं तर खिडकीचे गज धरून रडली. प्रत्येकाशी मी खाली बसून बोलले. कालपर्यंत मला ताई म्हणणारी मदतनीस मावशी डोळे मोठे करून म्हणाली, "आजपासून बाई म्हणायचं होय? भाव वाढला!" फोन वर्गात न्यायचा नाही, तो मोठ्या बाईंच्या कपाटात ठेवायचा, असा शिरस्ता होता. दुपारी शाळा सुटली तेव्हा मुलांना न्यायला आलेल्यांच्या रांगेत दादा उभा होता. मावशीने त्याला विचारलं, "तुमचं कुठलं हो?" तो माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ही." मला वाटलं, कौतुकाने आलाय. मी हसले. त्याच्याकडे बघून मी हसले.

गाडीत बसल्यावर त्याने सांगितलं. मी घराबाहेर पडले आणि थोड्या वेळाने आई मोरीत पडली. दवाखान्यात नेलं तेव्हा शुद्धीवर होती. दुपार होईपर्यंत होती, बोलत होती.

"तुला बोलावतो म्हणालो मी," दादा म्हणाला. "माझा हात धरून ठेवला तिने. म्हणाली, पहिला दिवस आहे तिचा, मुलं रडत असतील, तिला तिथून उठवू नका. सुटल्यावर सांगा."

ते शब्द त्याने फार जपून, आईने माझ्यासाठी मागे ठेवलेली वस्तू हातात द्यावी तसे सांगितले. मी ते घेतले. शाळा दवाखान्यापासून चालत जाण्याइतकी जवळ होती.

नंतरच्या दिवसांत घरी येणाऱ्या प्रत्येकाला दादा हे सांगायचा. मावश्या डोळ्यांना पदर लावायच्या. आत्या म्हणायची, "जाता जाता लेकीचंच बघितलं गं तिने. केवढं मन!" मी हो म्हणायचे. पुस्तकांनी मला दुःखाबद्दल पुष्कळ शिकवून ठेवलं होतं, पण असं भरल्या घरात कोणी कौतुक करत असताना माणसाने तोंड कसं ठेवावं, ते कुठे वाचल्याचं आठवेना.

पंधरवड्याने मी शाळेत परत गेले. तोवर माझा वर्ग दुसऱ्या वर्गाच्या बाई सांभाळत होत्या. मोठ्या बाईंनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं.

"आठवडाभर बघू," त्या म्हणाल्या. "नाही झेपलं तर परत मदतीला राहा. त्यात कमीपणा नाही हो काही."

घरी हे सांगितलं तेव्हा दादाचा चेहरा उतरला. "अगं, आईने त्या वर्गासाठी..." असं म्हणून तो थांबला. पुढचं मला कळत होतं. तिच्या शेवटच्या सकाळचा हा एवढा एकच मोबदला होता. तोही हातचा घालवला, तर मी तिच्याजवळ नव्हते ते कशासाठी, याला काही उत्तरच उरणार नव्हतं.

वर्ग माझं ऐकेना. मी गाणं सुरू करायचे आणि दुसऱ्या ओळीला अडखळायचे. मुलांना माणसाची अवस्था लगेच कळते. ती माझ्याभोवतीने वाट काढून मावशीकडे जायची. खुंटीवरच्या हत्तीला सगळी किटलीच म्हणत होती. एका मुलाने माझी ओढणी ओढून, अगदी अदबीने विचारलं, "खऱ्या बाई कधी येणार?"

"याच आहेत खऱ्या," मावशी म्हणाली. "हात लावून बघ."

त्याने लावून बघितला. त्याचं समाधान झालं नाही.

सगळ्यात अवघड होती मुंगी. हे नाव तिला मावशीने दिलं होतं, कारण ती चणीने एवढीशी होती आणि सतत काहीतरी इकडून तिकडे वाहून नेत असायची. तिची आई औषधांच्या दुकानात काम करायची. रोज सकाळी ती वर्गात थोडा वेळ बसायची, मग नियमाप्रमाणे मुंगीसमोर वाकून "मी आता कामाला जाते, दुपारी येते" म्हणायची, आणि मुंगी जी किंकाळी फोडायची ती खाऊच्या सुट्टीपर्यंत. तिच्या मागोमाग बाकीची सुरू व्हायची.

"रोज छातीत धस्स होतं हो बाई," मुंगीची आई म्हणाली होती. "एक दिवस हळूच गेले तर नाही का चालणार?"

"नाही," मी म्हणाले होते.

शुक्रवारी मोठ्या बाई वर्ग बघायला येणार होत्या. सकाळी मी मोठ्या टबात पाणी भरून ठेवलं, पेले, गाळणी, नरसाळी ठेवली. मुंगी पहिल्यांदाच रमली. बाह्या कोपरापर्यंत भिजवून ती एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतत होती, जीभ ओठावर काढून. तिची आई उठली. चपला हातात घेतल्या. माझ्याकडे बघून तिने ओठांवर बोट ठेवलं.

त्याच वेळी मोठ्या बाई दारात आल्या.

मी मुंगीला हाक मारायला हवी होती. मी मान डोलावली. तिची आई भिंतीला चिकटून, मोठ्या बाईंना वाट देऊन, अनवाणी निघून गेली.

वर्ग सुरेख झाला. मुलं गोलात बसली. गाणं शेवटपर्यंत म्हटलं. कोणी रडलं नाही. मुंगी पाण्यापाशीच होती, तिला मी राहू दिलं. मोठ्या बाई वहीत काही न लिहिता नुसत्या बघत होत्या. मग उठून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"जमलं की गं! उगीच काळजी करत होते मी. वर्ग तुझा."

तेवढ्यात मुंगी भरलेला पेला दोन्ही हातांत धरून वळली. "आई, बघ."

जिथे आई बसायची तिथे तिने बघितलं. मग दाराकडे. मग आम्हा सगळ्यांकडे, एकेक करून. ती रडली नाही. पेला खाली ठेवला, स्वतःच्या खुंटीपाशी जाऊन पिशवी काढली, गळ्यात अडकवली आणि दाराकडे तोंड करून जमिनीवर बसली.

"बघा, आज एकदाही रडली नाही," मावशी म्हणाली. "शहाणी झाली माझी मुंगी."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिच्या बाहीतून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"आई कामाला गेली आहे," मी म्हणाले. "दुपारी येईल."

"मला नाही सांगितलं."

"तू छान खेळत होतीस ना, म्हणून..."

पुढचे शब्द तोंडाशी आले. तुला उठवायचं नव्हतं. तुझ्याच भल्यासाठी. दादा बोलला होता त्याच मऊ आवाजात मी बोलत होते.

"मला सांगायचं," मुंगी दाराकडे बघत म्हणाली. "मला सांगायचं."

"हो," मी म्हणाले.

आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. गोलात बसलेली मुलं वळली. मोठ्या बाई उंबऱ्यात थांबल्या. मुंगीने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, पण मी तिच्याशी बोलत नव्हते.

"मला बोलवायचं होतंस. ही सगळी रडत राहिली असती तरी मी आले असते. धावत आले असते. मला नको होता हा वर्ग, आई. मला तुझा राग आलाय."