दारातनं या

‘घर पाहावं बांधून’ म्हणणाऱ्यानं दुसऱ्याचं घर बांधून पाहिलं नसणार. पाहिलं असतं, तर ती म्हण एवढ्यात आटोपली नसती.

मुठ्याचा जयसिंग मिसरूड फुटल्यापासून खोऱ्यात पुणेकरांचे शनिवार-रविवारचे बंगले बांधत आला होता, आणि आता त्याला गिऱ्हाईक या प्राण्याचा मनापासून वीट आला होता. बाणेरच्या एका बाईंनी जिना तीनदा हलवला. एका साहेबांनी स्लॅब पडल्यावर वास्तुतज्ज्ञाला फोन लावला आणि संडासाचं तोंड फिरवायला सांगितलं. “गिऱ्हाईक देव असतंय म्हनत्यात,” जयसिंग बायकोला, शुभांगीला, म्हणायचा, “पर देव निदान खिडकी हलव म्हनत न्हाई.”

म्हणून त्यानं ठरवलं होतं की आता उलटं करायचं. आधी घर, मग माणूस. वाटण्या आणि विक्र्या होऊन नदीच्या वरच्या अंगाला त्याचा एकच तुकडा उरला होता. त्यावर एकसारखे तीन बंगले उभे करायचे आणि तयार झाले की विकायचे. सूसचे विठ्ठलराव पैसा घालायला तयार होते. स्वतःची जमीन विकल्यापासून ते दुसऱ्यांच्या जमिनींना जीव लावत. त्यांच्या अटी तीन होत्या: सगळी माणसं याच कामावर पाहिजेत, पावसाच्या आत छप्पर चढलं पाहिजे, मधे दुसरं फुटकळ काम घ्यायचं नाही. आज दुपारपर्यंत त्यांना शब्द हवा होता.

“आन न्हाई इकले गेले तर?” शुभांगीनं विचारलं होतं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पलीकडच्या टेकाडावर कुणीतरी असेच चार बंगले बांधून ठेवले होते. त्यांच्या गॅलऱ्यांत आग्या माश्यांची पोळी लोंबत होती आणि भाडं न देता तेवढ्याच राहत होत्या.

“आपले इकतील,” जयसिंग म्हणाला. जागेवर पांढरी फक्की मारून त्यानं पहिल्या बंगल्याची आखणीसुद्धा केली होती. हॉल, स्वयंपाकघर, दोन बेडरूम. कुणाला विचारायचं नाही की कुणाची वाट पाहायची नाही. गडी बेडरूममधून घमेली नेत होते, नथू मिस्त्री स्वयंपाकघरात मोटारसायकल लावत होता, शुभांगी डबा घेऊन आली की हॉलच्या भिंतीतून सरळ आत येत होती. जयसिंगला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. फक्की तर होती.

अडचण एकच होती. म्हसू धनगराला त्यानं अर्धा शब्द दिला होता. म्हसूचा मुलगा दादासाहेब माण गावात कंपनीची गाडी चालवायचा. त्यानं आईबापासाठी माळावर दोन गुंठे घेतले होते आणि तिथं लहानसं घर बांधायचं होतं. ते काम आता घेता येणार नव्हतं. तेव्हा सकाळीच जाऊन गोड बोलून नाही म्हणून यावं, असं ठरवून जयसिंगनं गाडीला किक मारली. ‘म्हसूमामा, पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य तो वाटभर घोकत होता.

माळावर मेंढरांची वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावलेली होती. अलीकडे उघड्यावर चूल पेटली होती आणि चुलीशी म्हसूची बायको बानूबाई बसली होती. जयसिंग गाडी लावून सरळ तिच्याकडे निघाला.

“आवो, थांबा!” म्हसू ओरडला. “भिंत हाय तितं!”

जयसिंगचा पाय उचललेला तसाच राहिला. त्यानं खाली पाहिलं. जमिनीवर राखेची रेघ होती. दोरी धरून ओढावी तशी सरळ ती लांब गेली होती आणि पुढे काटकोनात वळली होती.

“दारातनं या,” म्हसू म्हणाला.

जयसिंग रेघेच्या कडेकडेनं वळसा घालून गेला. एका जागी रेघ तुटली होती. तिच्या बाहेरच्या अंगाला चपलांचे जोड नीट मांडले होते. खोटं वाटेल, पण कुत्रंसुद्धा बाहेर बसलं होतं. जयसिंगनं बूट काढले. आणि ज्यानं आजवर शेकड्यांनी चौकटी बसवल्या, तो माणूस तिथं मान खाली वाकवून आत शिरला. वर आभाळाशिवाय काही नव्हतं. कुणी हसलं नाही.

“ह्ये काय मावशी?” त्यानं बसत विचारलं.

“घर,” बानूबाई म्हणाली. “आमी चार भिंतीत कदी ऱ्हायलो न्हाई. म्हनलं, आदी ऱ्हाऊन बघू, मग बांदू. औंदा त्याच्यापायी मेंढरं बी खाली कोकनात नेली न्हाईत.”

दिवाळीपासून ती दोघं त्या घरात राहत होती. रोज सकाळी झाडलोट झाली की बानूबाई चुलीतली राख घेऊन भिंती नव्यानं घालायची. चूल आधी त्या कोपऱ्यात होती, पण सांजच्या वाऱ्यानं धूर डोळ्यात जायचा. मग तिनं पायानं भिंत पुसली आणि अलीकडे घेतली. पलीकडची खोली सून सोनालीची. ती माणलाच भाड्याच्या खोलीत होती आणि तिला दिवस गेले होते. तिच्या खोलीत पाळणा मावतो का ते बघायला बानूबाईनं तिथं एक वेताची पाटी ठेवली होती. बाकी खोली रिकामी होती आणि तिच्यातून कुणी जात नव्हतं. पाणी आणायचं असलं तरी बानूबाई वळसा घालून जायची. लेकराच्या खोलीतून कोण कशाला जाईल?

“आन ही खिडकी,” ती म्हणाली. रेघेवर दोन दगड ठेवले होते. “हितं बसा, मंजी कळंल.”

जयसिंग तिच्या जागी उकिडवा बसला. चहूकडे उघडा माळ होता, कुठंही मान वळवली असती तरी चाललं असतं. पण त्यानं त्या दोन दगडांमधूनच पाहिलं. वाघर दिसली. कोकरं आयांच्या पोटाखाली शिरत होती. मागं डोंगराची धार होती आणि तिथून उतरणारी पायवाट. चुलीपुढं बसलेल्या बाईला आयुष्यभर जे पाहायचं होतं, तेवढं सगळं त्या खिडकीत नेमकं मावलं होतं.

विटेला वीट लागली नव्हती आणि तो एका घरात बसला होता. इतकं पुरतं घर त्यानं आजवर कुठं पाहिलं नव्हतं, आणि स्वतः बांधलं तर नव्हतंच. त्याला एकदम देवळात आल्यासारखं मोठ्यानं बोलायचीही भीती वाटली.

“बांदल्यावर बी असंच ऱ्हाईल न्हवं?” बानूबाईनं विचारलं. तिच्या आवाजात काळजी होती.

घोकलेलं वाक्य कुठं गेलं कोण जाणे. “व्हय मावशी,” तो म्हणाला. “एक बोट हलू द्यायचो न्हाई.”

निघताना तो दारातून बाहेर पडला.

आपल्या जागेवर आला तोवर गडी जेवायला गेले होते. फक्कीच्या रेघा उन्हात चकाकत होत्या. जयसिंग दार शोधून, वळसा घालून आत गेला आणि उभा राहिला. आता कुठं जायचं? डावीकडे की उजवीकडे? त्याला काही सुचेना. स्वयंपाकघर इथंच का, तर नकाशात होतं म्हणून. तिथं नथूची मोटारसायकल उभी होती. याच घराचं आपण इतके दिवस कौतुक करत होतो, याची त्याला लाज वाटली.

शुभांगी डबा घेऊन आली ती भिंतीतून.

“भिंत हाय तितं,” तो म्हणाला.

ती हसणार होती, पण त्याचा चेहरा पाहून थबकली. मागं फिरली, वळसा घालून दाराशी आली, आणि कुणी न सांगता तिनं चपला बाहेर काढल्या.

“चूल कुटं पायजे?” त्यानं विचारलं.

“मला काय इचारता? घेनाऱ्याला इचारा.”

“घेनारं न्हाई कुनी. तू सांग.”

शुभांगीची लग्नापासूनची चूल भावकीच्या घरातल्या दोन खोल्यांत होती. तिच्या खिडकीतून चुलत दिराच्या न्हाणीची भिंत दिसायची, बाकी काही नाही. तिनं इकडेतिकडे पाहिलं. मग पायानं फक्कीची एक रेघ पुसली, पुढं गेली, दोन दगड उचलून ठेवले आणि त्यांच्यासमोर बसली. दगडांमधून खाली नदी दिसत होती.

फोन वाजला. विठ्ठलराव होते.

“द्या की सबूद,” शुभांगी पाठमोरीच म्हणाली. “इकायचंच हाय न्हवं?” पण ती उठली नाही.

जयसिंग तिच्या पाठीकडे पाहत राहिला. विठ्ठलरावांना नाही म्हणायचं म्हणजे उद्यापासून पुन्हा बाणेरच्या बाई, पुन्हा फिरते जिने. त्यानं फोन कानाला लावला.

“राव, ती जागा गेली.”

“गेली? अरे, कुणाला दिलीस? अजून वीट नाही लागली!”

“आता काय करता,” जयसिंग म्हणाला. “गिऱ्हाईक आदीच ऱ्हायला आलंय.”