सत्यभामेचे जास्तीचे गुण

मोहाडीच्या अभ्यासिकेसाठी दीपमालाने सराव परीक्षेचं ॲप बनवलं, आणि त्याला एका कंपनीची लाइव्ह लीडरबोर्डची सेवा जोडली. कोणी मोबाईलवर उत्तर दिलं की ॲप त्याचे गुण कंपनीकडे पाठवायचं, आणि अभ्यासिकेतल्या टीव्हीवर नावं तिथल्या तिथे वरखाली व्हायची.

तिसऱ्या दिवसापासून करडी गावची सत्यभामा सगळ्यांच्या वर जाऊन बसली. दोन लेकरांची आई, धानाच्या रोवणीची कामं आटोपून घरूनच पेपर सोडवणारी.

"मॅडम, हे खरं वाटून राहिलं का तुमाले?" अतुलने विचारलं. तोवर पहिला नंबर त्याचाच होता. "तिचा भाचा मोनू नागपूरले इंजिनिअरिंग शिकते म्हणे."

दीपमालाच्या मनात तेच घोळत होतं. सेवेची गुप्त किल्ली, म्हणजे पासवर्डसारखा कोड, मोनूसारख्याच्या हाती लागली तर हवे तेवढे गुण परस्पर पाठवता येतात. एका उत्तराचे पाच गुण, आणि सत्यभामेचे एकदम पंधरा वाढताना तिने डोळ्यांनी पाहिले होते. तिने नाव काढून टाकलं. अभ्यासिका चालवणाऱ्या वासुदेवरावांनी लगेच ग्रुपवर टाकलं, 'गैरप्रकारामुळे नाव वगळले आहे.'

तरी तिला चैन पडेना. चोरी कशी केली तेवढं कळावं, म्हणून दुसऱ्या दिवशी ती स्कूटीने करडीला गेली.

"या मॅडम," सत्यभामा दारातूनच म्हणाली. "चोट्टीच्या घरचा चहा चालते का तुमाले?"

दीपमाला वरमली, पण संशय गेला नाही. "एक पेपर माझ्यासमोर सोडवा."

सत्यभामा ओसरीवर बसली. आजूबाजूला कोणी नव्हतं. चौथ्या प्रश्नाला नेट ये-जा करू लागलं, मोबाईलवर गोल चक्र फिरू लागलं. ती सवयीने उठून विहिरीच्या ओट्यावर चढली, तेव्हा कुठे चक्र थांबलं. दीपमालाने लॅपटॉपवर नोंदी उघडल्या. एकच उत्तर तीनदा पोहोचलं होतं.

पोच मिळाली नाही तर पुन्हा पाठव, हे तिनेच ॲपला शिकवलं होतं. प्रत्येक उत्तराला वेगळा क्रमांक द्यायचा, म्हणजे ते दुसऱ्यांदा मोजलं जात नाही, ही कंपनीची सूचना मात्र तिने घाईत गाळली होती.

"चूक मायीच आहे, ताई," दीपमाला म्हणाली.

"मार्क जास्त येऊन राहिले हे मले दिसतच होतं ना! वासुदेवरावले दोनदा सांगतलं. ते म्हणत, मशीन चुकत नाही बाई."

दीपमालाने त्याच ओट्यावर बसून दुरुस्ती केली आणि ग्रुपवर स्वतःच्या नावाने माफी लिहिली. नाव परत लागलं, आणि जादा गुण वजा होऊन सत्यभामा सहावी आली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सत्यभामा अभ्यासिकेत आली. पिशवीतून वही काढून तिने आपली उत्तरं आणि टीव्हीवरचे गुण ताडून पाहायला सुरुवात केली. दीपमाला बाजूला उभी होती, अतुल समोरच बसला होता.

"जुळलं?"

"आजचं जुळलं," सत्यभामा म्हणाली, आणि वही पिशवीत घालून अतुलकडे न बघताच निघून गेली.