मारव्याची टेप

कॅसेट खणात बसवून रंगनाथरावांनी झाकण लावलं आणि बटण दाबायच्या आधी सवयीनं उजवा हात तिपाईकडे नेला. तिपाईवर लिंबूपाणी होतं. हात तसाच मागे आला. दिवाळीत डॉक्टरांनी लिव्हरचा रिपोर्ट समोर धरून दम भरला, तेव्हापासून दारू बंद होती. आणि दारू बंद म्हणून गाणंही बंद. टेपरेकॉर्डरवरचं बायकोनं, चांगुणाबाईंनी, विणलेलं झाकण आज चार महिन्यांनी निघालं होतं.

त्यांचं म्हणणंच तसं होतं. मखमलाबादला त्यांचा गुलाबाचा मळा. त्यामुळे बोलणं फिरून फिरून मातीवर यायचं. कोरड्या वाफ्यात कलम जीव धरत नाही, म्हणायचे, आधी पाणी सोडावं लागतं. कानाचंही तसंच. दोन पेग गेल्याशिवाय सूर मुळापर्यंत पोचत नाही. कुणी वाद घातलाच तर पुरावा म्हणून भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवायचे.

फोटोत वत्सलाबाई होत्या. इस्त्रीचं सुती पातळ, केसांत मळ्यातलाच एक गुलाब, मागे तंबोरा धरून बसलेली त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी मोहिनी. आणि बाईंनी हात जोडले होते ते थेट रंगनाथरावांकडे बघून. बाई पंचवटीत मुलींना गाणं शिकवायच्या. रेडिओ नको, स्टेज नको, असा स्वभाव. रंगनाथरावांनी दोन वर्षं पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे चौऱ्याण्णव सालच्या माघात एका रविवारी दिवस कलताना त्या मळ्यात आल्या आणि दहा जणांसमोर मारवा गायल्या. अर्ध्या तासानं मध्येच थांबल्या आणि हात जोडून उठल्या.

"ऐकणारा असा भेटला की गाणाऱ्याचंही पोट भरतं," रंगनाथराव सांगायचे. "त्यानंतर बाई बाहेर कुठं गायल्याच नाहीत. मळ्यात जे लागलं, त्याच्यापुढं गायचं राहिलंच काय?"

नाशकातल्या गाण्याच्या वेड्यांनी हे निदान दहादा ऐकलं असेल. त्या दिवशी रंगनाथरावांनी टेपही केली होती, पण ती मात्र कुणी ऐकलेली नव्हती. त्यांनी स्वतःसुद्धा नाही. तो मारवा कानात जसाच्या तसा आहे, टेप लावून शिळ्या कढीला ऊत कशाला आणायचा, असं म्हणून कॅसेट त्यांनी कपाटात ठेवली ती ठेवलीच.

पण काल मोहिनीचा फोन आला. बाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. पुढच्या रविवारी वर्षश्राद्धाला त्यांच्या सगळ्या विद्यार्थिनी जमणार होत्या, गाण्यातली चार जुनी माणसंही येणार होती. घरात आईचा आवाज कुठेच नाही, तुमची ती टेप सगळ्यांना ऐकवू का, असं तिनं विचारलं. रंगनाथरावांची छाती फुगली. आज पाचला ये, म्हणाले. आणि ती यायच्या आधी टेप ठीक आहे ना, एवढं बघावं म्हणून आता दुपारी तीनला बसले होते.

बटण दाबलं. आधी नुसता तंबोरा. मग बाईंचा आवाज आला आणि रंगनाथराव चांगलेच दचकले. हे त्यांच्या कानातलं गाणं नव्हतं. त्यांच्या कानात होती एक धुंदी, सगळं तांबूस, सगळं आपलं. इथे एक बाई एकेक सूर तपासून पुढे ठेवत होती. षड्जाच्या जवळ जायची आणि तो न घेताच परत फिरायची, दारापर्यंत येऊन कडी न वाजवता जाणाऱ्या माणसागत. रंगनाथराव पाय पोटाशी घेऊन ऐकत राहिले. लिंबूपाणी तसंच राहिलं.

अकराव्या मिनिटाला ग्लासावर ग्लास आपटला आणि एक जाड आवाज बाईंच्या आवाजावर येऊन बसला. "वाहवा! जियो!"

"कोण हा टोणगा?" रंगनाथराव चिडून पुटपुटले.

तो हसला. त्या हसण्यावरून त्यांनी त्याला ओळखलं.

रेकॉर्डर त्यांनी स्वतःजवळच ठेवला होता, टेप संपली तर उलटता यावी म्हणून. त्यामुळे बाई लांब आणि रंगनाथ जवळ. शेजारच्या सहादूला तो मारवा समजावून सांगत होता. मग त्याला बर्फ हवा झाला. मग गुलाबाच्या भावाची काहीतरी गोष्ट निघाली, ती बराच वेळ चालली. एक जागा तो बाईंबरोबर गायला, भसाड्या गळ्यानं, आणि स्वतःलाच दाद दिली. सुटलेली ओळ बाईंनी पुन्हा पहिल्यापासून उचलली. एकदा उचलली, दुसऱ्यांदा उचलली. तिसऱ्यांदा तंबोरा थांबला आणि त्यांचा बोलायचा आवाज आला, शांत, वर्गातल्यासारखा.

"रंगनाथराव, आधी तुमचं होऊ द्या. माझं काय, मी घरी गाईन."

आणि त्यावर तोच जाड आवाज, सगळ्यांना ऐकू जाईल असा: "बघा, बाई गहिवरल्या!"

रंगनाथरावांनी बटण बंद केलं. कानशिलं तापली होती. भिंतीकडे बघायचा धीर होईना. दहा वर्षं त्यांनी हा फोटो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला होता. बाई बाहेर कुठे गायल्या नाहीत, हे त्यांनी ज्याला त्याला ग्लास उंचावून सांगितलं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात ते उगाच नाही.

मान वळवली तर स्वयंपाकघराच्या दारात चांगुणाबाई उभ्या होत्या. हाताला पीठ लागलेलं.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"भाकऱ्या करत व्हते मी आत. कान काय माहेरी गेले व्हते माझे?"

"मग दहा वर्षं बोलली का नाहीस?"

चांगुणाबाईंनी बोटांचं पीठ चोळून काढलं.

"तुम्ही लय आनंदात व्हता," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

हेच तर होतं. आनंद खोटा नव्हता. त्या संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते अजून आठवत होतं. पण कशानं आलं होतं? गाणं तर त्यांनी ऐकलंच नव्हतं. आज तीन वाजता, कोरड्या घशानं, पहिल्यांदा ऐकलं. तेही अकराच मिनिटं.

आता ही टेप वर्षश्राद्धाला लागणार. चाळीस बायका, वर गावातले जाणकार, आणि मधोमध रंगनाथ बर्फ मागतोय. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी कॅसेट काढून सदऱ्याच्या खिशात टाकली आणि मोहिनीला काय सांगायचं ते ठरवून ठेवलं.

पाचला मोहिनी आली. आता बँकेत नोकरीला होती, कपाळावर आईसारखीच आठी. ती काही विचारायच्या आत रंगनाथरावांनी सांगून टाकलं.

"बुरशी लागली गं टेपला. पार वाया गेली. फेकून दिली मी."

मोहिनीनं त्यांच्याकडे बघितलं. टेपरेकॉर्डरवरचं झाकण बाजूला घडी करून ठेवलेलं होतं, तिकडेही बघितलं.

"हरकत नाही, काका," ती म्हणाली.

चांगुणाबाईंनी चहा आणला. त्या नवऱ्याकडे न बघता कप ठेवून गेल्या. मोहिनी सावकाश चहा पीत राहिली आणि आईबद्दल बोलत राहिली. आई रोज घरात गायची, त्यामुळे टेप करावी असं कुणाला सुचलंच नाही. नळाचं पाणी कुणी भरून ठेवतं का? ती गेल्यावर लक्षात आलं की गाणं राहू द्या, पण 'मोहिनी, दार लाव' म्हणणारा आवाजसुद्धा उरलेला नाही. आता आपल्या लहानग्याला आजी कशी बोलायची ते सांगायला जावं, तर तिचं तिलाच नीट आठवत नव्हतं. इतकं बोलून तिनं कप ठेवला आणि पर्स उचलली. दारापाशी थांबली.

"काका, त्यात काय आहे ते मला माहीत आहे. तंबोऱ्यावर मीच होते ना."

रंगनाथरावांचा हात खिशावर गेला तो तिथेच राहिला. बाई घरी गेल्यावर काही म्हणाल्या का, हे त्यांना विचारायचं होतं. त्याऐवजी त्यांनी खिशातून कॅसेट काढली आणि तिच्याकडे न बघता पुढे धरली.

मोहिनीनं ती घेतली नाही. "कॉपी करून द्या. मूळ टेप तुमच्या घरात राहू दे," ती म्हणाली आणि पुन्हा येऊन सतरंजीवर बसली. "रविवारी सुरुवातीचंच लावू. पुढचं नाही लावणार."

असं ती सहज म्हणाली, त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर रंगनाथरावांना सोपं गेलं असतं.

डबल कॅसेटच्या मशीनमध्ये एका खणात जुनी आणि दुसऱ्यात कोरी कॅसेट बसली. कॉपी व्हायची म्हणजे जेवढं गाणं तेवढा वेळ. बाहेर ऊन उतरलं होतं, वाफ्यांना पाणी सोडल्याचा वास येत होता. बाई गायला लागल्या तशा चांगुणाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि मोहिनीशेजारी टेकल्या. दहा वर्षांपूर्वी त्यांना बाहेर या असं कुणी म्हटलं नव्हतं. अकरावं मिनिट जवळ आलं तसा रंगनाथरावांनी हात लांबवून आवाज पार बारीक केला.

मोहिनीनं पुढे होऊन तो पुन्हा मोठा केला.

"राहू द्या ना, काका. पुढे आई बोलते."

मग तिघांनी बसून सगळं ऐकलं. ग्लास, बर्फ, गुलाबाचा भाव, भसाडा गळा. रंगनाथराव सतरंजीच्या काठाचा एक दोरा उपसत राहिले. बाईंनी ओळ पहिल्यांदा उचलली, दुसऱ्यांदा उचलली. तिसऱ्यांदा तंबोरा थांबला आणि बाई बोलल्या. मोहिनीचे डोळे मिटलेले होते. 'मी घरी गाईन' हे तीन शब्द आईबरोबर तिनंही ओठांतल्या ओठांत म्हटले, आणि एकदम हसली, आणि डोळे पुसले.

"असंच बोलायची," ती चांगुणाबाईंना म्हणाली. मग रंगनाथरावांकडे वळली. "पुन्हा एकदा लावाल?"

त्यांनी टेप मागे घेतली, जरा जास्तच मागे गेली. पुन्हा तो बर्फ मागायला लागला. बाईंच्या त्या वाक्यापर्यंत जायला दुसरी वाट नव्हती. वाक्य आलं, मोहिनीनं ऐकलं, आणि डोळे न उघडताच बोट वर करून अजून एकदा अशी खूण केली.

रंगनाथरावांनी पुन्हा टेप मागे घेतली.