चौथा थांबा

माहितीच्या कार्डाच्या कडेचं प्लॅस्टिक उकललं होतं आणि हर्षदा ते नखानं आणखी सोलत होती — शेंगा सोलाव्यात तशी, निवांत — तिसरीची बावीस पोरं समोर उभी असताना, आणि कार्डावरचा एक शब्दही न वाचता. मेरी मॅडमना वाटलं, जावं आणि ते हातातून काढून घ्यावं. सहा शनिवार! नववीच्या आठ मुलांना त्यांनी सहा शनिवार न्हावऱ्याच्या या गायरानात फिरवलं होतं, लहानांना निसर्ग कसा दाखवायचा ते शिकवलं होतं. आधी नाव, मग ओळख, मग एक प्रश्न. आज आठांतले पाच आलेच नाहीत. कुणाची क्रिकेटची मॅच, कुणाच्या मावशीचं लग्न. आलेल्यांपैकी सार्थक नुसता फोटो काढतोय, मोनाली रडणाऱ्या एका पोरीला पाणी पाजतेय... आणि राहिली ही. सहा शनिवारांत तोंड न उघडलेली.

"ह्याला हिवर म्हणत्यात," हर्षदा पोरांना सांगत होती. "मेंढरं बसत्यात ह्याच्या सावलीला. आमचं आबा म्हणत्यात, ह्याच्याखाली झोपलं की ताप येतो."

ताप येतो! शास्त्रीय माहिती द्या म्हणून किती घसा फोडला होता... वडील असते तर — दावीद मास्तर, मिशनच्या आवारात झाडाच्या बुंध्यावर काठी आपटून विचारायचे, नाव? चुकलं की पुन्हा फाटकापासून सुरुवात. मी कधी चुकले नाही. एकदाही नाही. आणि तरी ते कधी, वा, असं म्हणाले नाहीत. पुढच्या झाडाकडे चालू लागायचे, आणि मी त्यांच्या पाठीमागे, धावत...

पोरं पुढे सरकली होती. वर टिटवी ओरडत घिरट्या घालत होती. आता चौथा थांबा. काल संध्याकाळी मॅडमना इथेच, उघड्या खड्यांत, तिची चार अंडी दिसली होती, ठिपक्याठिपक्यांची, खड्यांसारखीच. पन्नाशीत पहिल्यांदा. घरी जाऊन त्यांनी हा थांबा घालून कार्डं नव्यानं छापली होती. आणि ही कार्टी त्या जागेला वळसा घालून चालली होती!

"इथं काय न्हाई. चला, वढ्याकडं."

"काही नाही कसं?" मॅडमचा आवाज त्यांनाच परका वाटला. "चौथा थांबा आहे इथे! मुलांनो, इकडे या, टिटवीची अंडी बघा!"

पोरं धावली. "थांबा! पाय उचलू नका!" म्हणत हर्षदानं खड्यांत गुडघे टेकले, दोन्ही हात पसरले — आणि तरीही तो आवाज आलाच, अगदी बारीक. राजनंदिनी नावाच्या चिमुरडीनं पाय उचलला. तिच्या सँडलला पिवळं लागलं होतं. खाली तीन अंडी राहिली होती.

टिटवी वर ओरडत राहिली.

"तुला ठाऊक होतं?" मॅडमनी विचारलं.

"व्हय. आठ दिस झालं."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तुमी कवा इचारलं?" तिच्या स्वरात राग नव्हता, हेच सहन होईना. "आन् बावीस पोरांना दावलं असतं, तर सांजच्याला एक बी उरलं नसतं, मॅडम."

तिनं राजनंदिनीची सँडल मातीनं पुसली, रडू नगस म्हणाली, सगळ्यांना लांब मागे नेऊन ओळीनं खाली बसवलं. "आता गप. ती परत येती का बघायचं." मग मान वळवून, "मॅडम, तुमी बी बसा. उभं मानूस दिसलं की ती येत न्हाई."

मॅडम बसल्या. खडे टोचत होते. चीड गेली नव्हती — न आलेल्या पाचांवर, या पोरीवर, तिच्या त्या शांत उत्तरावर... पण ती आता एका जागी ठरेना, फिरून फिरून स्वतःच्याच अंगावर येत होती. सॉरी म्हणावं का? कुणाला? पुढे हर्षदाची ताठ पाठ, तिच्यामागे बावीस पोरं, श्वास रोखून बसलेली. सहा शनिवारांत माझ्यासमोर कुणी असं बसलं नव्हतं.

टिटवी लांब उतरली. दोन पावलं चालली. थांबली.

ये गं, मी मनात म्हणाले, ये ना... आणि ही विनवणी नेमकी कुणाला चालली आहे, ते मला कळेना.